पान अठ्ठेचाळीस, ओळ नऊ

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी 'मीटिंगला लोक येत नाहीत' या विषयावर बोलायला उभे राहिले, की नाना शांतपणे म्हणतात, "तुमच्या आजोबांचा शेरा वाचलाय मी. सतत गैरहजर, म्हणून नाव कमी केलं." सेक्रेटरी खाली बसतात.

नाना ठाकुर्लीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. वय बहात्तर. जुन्या शाळांच्या दाखल रजिस्टरांचे फोटो त्यांच्या कॉम्प्युटरवर येतात. त्यातलं नाव, गाव, वर्तणूक, शाळा सोडल्याचं कारण, सगळं वाचून टाइप करायचं. आपल्या घराण्याचा शोध घेणाऱ्याला नाव टाकताच पान सापडावं, म्हणून हे काम. पगार नाही. प्रत्येक पान दोघं जण वेगवेगळं टाइप करतात आणि मग फरक तपासतात. नानांबरोबरचा दुसरा माणूस मी. "सतीश, तुला आकडे आवडतात ना? मग बस," एवढ्यावर माझी भरती झाली. हजार ओळींत माझ्या चुका अकरा, नानांच्या दोन. मोजणी माझीच आहे.

अक्षर लागत नसेल तर 'वाचता येत नाही' असं एक बटण आहे. नानांनी ते तीन वर्षांत एकदाही दाबलं नव्हतं. मी दाबलं की चिडायचे. "अरे, जिवंत पोर शाळेत आलेलं. मास्तरांनी हाक मारली, त्याने हजर म्हटलं. आणि तू म्हणतोस वाचता येत नाही?" त्यांची नोकरी पोस्टात टपाल वेगळं करण्यात गेली. वाचता आलं नाही म्हणून एकही पत्र परत पाठवलं नाही, असं ते सांगतात. याची खातरजमा मला करता आलेली नाही.

एकदा शाईचा डाग पडलेल्या एका नावासाठी ते रिक्षा करून कल्याणला गेले. तिथे त्या मुलाच्या घरातल्या एका वृद्ध गृहस्थांना "तुमच्या थोरल्या भावाचं नाव काय हो?" असं विचारून, वर जेवून आले. दारातच सुनंदाकाकू उभ्या होत्या. "गेलेल्यांची चौकशी झाली असेल, तर जिवंत माणसाने सांगितलेली कोथिंबीर आणलीत का?" आणली नव्हती.

काकूंचं माहेर कोलशेतचं. "कोलशेतची शाळा आली का रे?" हे नाना दर सोमवारी विचारायचे. मला वाटायचं, मेव्हण्यांचे शेरे वाचून त्यांना चिडवायचं असेल.

गेल्या महिन्यात ते रजिस्टर आलं. फरक तपासताना पान अठ्ठेचाळीस, ओळ नऊवर मी थबकलो. नानांनी बटण दाबलेलं. मी फोटो मोठा करून पाहिला. अक्षर छापल्यासारखं होतं. मी तडक समोर गेलो.

"नाना, स्पष्ट तर आहे. चांगुणा हिराजी, राहणार कोलशेत."

"ओ," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

नाना त्या दाराकडे वळले. मग आवाज उतरवून म्हणाले, "लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने सुनंदा मीच लिहिलं. आमच्या आईला ते नाव आवडायचं. हिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. पंचेचाळीस वर्षांत या घरात तिला चांगुणा कुणी म्हटलं नाही. तीन वर्षं या पानाची वाट बघितली, आणि समोर आलं तर बोट उचलेना. तू टाक ना."

काकू हात पुसत आल्या. चष्मा लावून सगळी ओळ वाचली आणि वर्तणुकीच्या रकान्यावर बोट ठेवलं. "उत्तम. दिसलं? इतकी वर्षं सांगतेय, तर पटत नव्हतं."

मग त्यांनी नानांच्या शेजारी खुर्ची ओढली. "सतीश कशाला? तुम्हीच लिहा. मी सांगते तसं."

नाना एका बोटाने टाइप करतात. त्या दिवशी जरा जास्तच वेळ लागला.

पान अठ्ठेचाळीस. ओळी पंचवीस, फरक शून्य.