दुबईच्या फ्लॅटला एकवीस फेऱ्या

गर्व करू नये, हे मला लहानपणापासून पाठ आहे. तरी सांगते. आमच्या विरारच्या सोसायटीत कुणाला परदेशात जागा घ्यायची असली, तर तो आधी आमचं दार वाजवतो! जिच्याकडे साधा पासपोर्ट नाही, तिच्याकडे एवढी रीघ का, त्याची ही हकिगत.

दोन हजार सहा साल. हे नुकतेच निवृत्त झाले होते. चौतीस वर्षांच्या नोकरीचा फंड बँकेत जमा झाला आणि त्याच आठवड्यात ह्यांनी पेपरातली जाहिरात कापून देवघरापुढे धरली.

"बघ! दुबई! समुद्रातलं बेट आणि त्यावर बेचाळीस मजले! आता परदेशी माणसालाही तिथे जागा घेता येते."

"परदेशी माणूस कोण?"

"अगं, आपण! तिथे आपणच परदेशी!"

मला ह्यांचं कौतुकच वाटलं. विरारचा फ्लॅटही ह्यांनी असाच धडाडीने घेतला होता. जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटं' होतं. ती मिनिटं बहुधा घोड्यावर बसून मोजलेली असावीत, एवढंच!

पण तो फंड म्हणजे आमच्या म्हातारपणाची काठी. आणि ती अख्खी दुबईला निघालेली! मी वाद घालत नाही. तुळशीला म्हटलं, "बाई, तूच बघ."

चातुर्मास चालू होता. माझा नेम असा, की अंघोळ झाली की तुळशीला पाणी घालून एकवीस फेऱ्या घालायच्या. त्या पुऱ्या होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही आणि तोंडातून शब्द नाही. आणि जाहिरातवाल्या कंपनीने अंधेरीला फ्लॅटचं प्रदर्शन भरवलं, नेमकं त्याच दिवशी नळाला पाणीच नाही! वरच्या मजल्यावरच्या मार्गारेटने बादलीभर दिलं तेव्हा कुठे अंघोळ झाली. तोवर खाली कंपनीची फुकटची एसी बस हॉर्नवर हॉर्न वाजवत होती.

"चल गं! दुबई निघून जाईल!" हे जिन्यातून ओरडले.

मी तुळशीची छोटी कुंडी पिशवीत घातली, गडूभर पाणी घेतलं आणि तशीच निघाले. मार्गारेटही बरोबर. तिचं माहेर वसईतल्या होळी गावचं, भाजीच्या वाडीतलं. वांगंसुद्धा चारी बाजूंनी फिरवून घेणारी बाई!

अंधेरीच्या हॉटेलातला तो हॉल सभामंडपाएवढा होता. हे तडक फॉर्म भरायच्या टेबलाकडे गेले. मी फेऱ्यांना जागा शोधू लागले. सगळं सामान भिंतींना टेकलेलं. जिच्याभोवती फिरता येईल अशी एकच वस्तू, मधोमध टेबलावर मांडलेली त्या इमारतीची प्रतिकृती! निळा समुद्र, खिडक्याखिडक्यांत दिवे, पायथ्याशी हिरवीगार बाग. आता बाग म्हटली की तुळस नको का? मी कुंडी बागेत ठेवली, गडूतलं पाणी घातलं, हात जोडले आणि सुरुवात केली.

तिसऱ्या फेरीला एक टायवाले गृहस्थ जवळ आले. "मॅडम, चारी बाजूंनी बघताय? वा! सगळे फ्लॅट सी-फेसिंग!"

मी चौथी फेरी घेतली.

"पार्किंग फ्री देतो, मॅडम!"

पाचवी.

"मॅडम काहीच बोलत नाहीत हो!" ते मार्गारेटला म्हणाले.

मार्गारेटला माझा नेम चांगला ठाऊक. पण ती म्हणते कशी, "तिला पटत नाय अजून. तुमी बोलत राहा."

"किचन फ्री! फर्निचर फ्री!"

दहाव्या फेरीला भाव दहा टक्के उतरला, बाराव्या फेरीला पंधरा! मार्गारेट माहितीपत्रकाच्या पाठीवर सगळं लिहून घेत होती.

"आनि पानी किती वाजता येतं?" तिने विचारलं.

"चोवीस तास, मॅडम!"

मार्गारेटने पेन्सिल थांबवली. "चोवीस तास? विनया, हा मानूस खोटं बोलतो."

एव्हाना फेरी घातली की भाव उतरतो, हे हॉलमध्ये सगळ्यांच्या लक्षात आलं. आधी एक सफारीवाले काका माझ्यामागे लागले, मग एक अख्खं कुटुंब आजीसकट. सतराव्या फेरीला माझ्यामागे तीस माणसं! मी हात जोडलेले, म्हणून त्यांनीही जोडलेले. एका बाईने तर प्रसाद कुठे मिळतो म्हणून विचारलं!

आणि तिकडे ह्यांनी सहीसाठी पेन उघडलं होतं. मी मनात म्हटलं, तुळशीमाई, आता तूच!

अठरावी फेरी. फट्! तळमजल्याचा दिवा गेला. फट्! पहिला मजला! कुंडीला खाली भोक असतं, हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं हो! गडूभर पाणी बागेतून झिरपत थेट इमारतीच्या पायात गेलं होतं. बेचाळीस मजले नव्या सुनेसारखे हळूच वाकले आणि समुद्रात आडवे झाले!

एकच गलका! हे उघड्या पेनासकट धावत आले.

"सर, काळजी नको!" टायवाले म्हणाले. "ही पुठ्ठ्याची आहे!"

"मग खरी कशाची आहे?"

"खरी अजून बांधायची आहे."

"आणि तो फोटो?"

"तो कॉम्प्युटरवर केलाय, सर."

"बरं, बेट तरी आहे ना?"

"बेट पुढच्या वर्षी, सर. आत्ता तिथे समुद्र आहे."

ह्यांनी पेनाला टोपण लावलं. तो 'टक्' मला आरतीच्या घंटेसारखा गोड वाटला.

बसमध्ये हे उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "आमच्या हिने परीक्षा घेतली! फक्त एक गडू पाणी! इंजिनिअरला सुचलं नसतं!" मला सांगायचं होतं, की अहो, ते चुकून झालं! पण माझ्या तीन फेऱ्या राहिल्या होत्या. बोलणार कशी? घरी येऊन त्या पुऱ्या केल्या, घोटभर पाणी प्यायले आणि तोंड उघडलं, तोवर ह्यांनी चारही विंगांत सांगून टाकलं होतं. पुढे दोन वर्षांनी दुबईत भाव कोसळल्याचं पेपरात आलं, मग तर विचारूच नका!

कालच मार्गारेट ऑस्ट्रेलियाचं माहितीपत्रक घेऊन आली. "विनया, घाल बाय एकवीस फेऱ्या." पाटावर कागद, कागदावर कुंडी, कुंडीत पाणी. फेऱ्या संपेपर्यंत ऑस्ट्रेलिया ओलाचिंब! "नापास!" हे दारातून कौतुकाने म्हणाले.

आजवर एकही देश पास झालेला नाही. कुंडीखाली बशी ठेवली तर होईल, एवढं मला कळतं. पण बशी ठेवली, की ह्यांना पुन्हा फंड आठवेल हो!