खडूच्या तीन खुणा

शिंप्यानं जुन्या डिझेल व्हॅनचा टायमिंग बेल्ट काढून अंगणात टाकला, तेव्हा त्याचा मेहुणा उपड्या बादलीवर बसून चहा पीत होता. ज्याला काही करायचं नसतं, तो नेमका काम करणाऱ्याच्या शेजारी येऊन बसतो.

"दाजी, कशाला हात काळे करताय? मागच्या वेळी बेल्ट मी बसवला होता म्हणून एवढी तरी टिकली ती."

गाडी काळा धूर ओकायची. चढावर पायी चालणारे तिला मागं टाकून जायचे, वर वळून बघायचे. बेल्ट विरल्यावर बायकोनं निकाल दिला होता: संध्याकाळी भंगारवाला येईल, तोवर चालू झाली तर ठेवा. शिंप्याचं म्हणणं, अस्तर विरलं म्हणून कोणी कोट फेकत नाही.

बेल्ट ज्या तीन दातेरी चाकांवरून जातो, ती एकमेकांशी जुळलेली लागतात. एखादा दात चुकला तर इंजिन रडतं, जास्त चुकले तर आतल्या भागांची आपसात मारामारी. म्हणून शिंप्यानं आधीच चाकांवर खुणा करून ठेवल्या होत्या. कशानं? आयुष्यभर केल्या त्यानंच. खडूनं.

नवा बेल्ट घेऊन तो घरातून बाहेर आला, तर बायको रॉकेलचा बोळा पिळत होती. चाकं चकचकत होती.

"खुणा कुठं गेल्या?"

"पुसल्या. गिऱ्हाइकाला कपड्यावर खडू दिसला तर तुम्हीच बोलता ना मला?"

"अगं, काम संपलं कुठं होतं?"

"मला काय ठाऊक? चाकं फिरवून मागनंसुद्धा पुसली."

हे वळण शिंप्यानंच तिला लावलं होतं. आता रागवायचं कुणावर?

"भंगारवाल्याला जरा लवकर बोलावू का?" मेहुणा म्हणाला.

"तू गप रे," बायको म्हणाली. "अहो, ही रेघपण तुमचीच का? जाता जात नाहीये."

शिंपी वाकला. इतकी वर्षं चिकट काळ्या थराखाली दडलेली, कारखान्यातच कोरलेली रेघ. प्रत्येक चाकावर एक, आणि समोर इंजिनाच्या अंगावर तिची जोडीदार. खांद्याला बाही जुळवावी तशी त्यानं रेघेला रेघ भिडवली, बेल्ट चढवला, ताण दिला. पान्यानं इंजिन हळूहळू पुरतं फिरवून पाहिलं. कुठं अडलं नाही. मग किल्ली फिरवली.

गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. आवाज एकसारखा, शिलाई मशीनसारखा.

"धूर कुठंय?" बायकोनं विचारलं.

"बेल्ट आता बरोबर बसलाय. आधीचा एक दात चुकवून बसवलेला होता. मी खडूनं तीच चूक जपून ठेवत होतो."

"आधीचा कुणी बसवला होता?"

शिंप्यानं पाना पुसायला घेतला. सासुरवाडीच्या माणसाचा मान ठेवावा लागतो. मेहुणा रिकाम्या कपाच्या तळाशी काहीतरी शोधत होता.

तेवढ्यात फाटक वाजलं. खांद्यावर दोर टाकून भंगारवाला आत आला.

"वहिनी, न्यायचं काय आहे?"

तिनं बादलीवरच्या भावाकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"थांबा जरा," ती म्हणाली, "विचार करतेय."