जिव्हाळ्याचा आकडा

कसबा बावड्याच्या सम्मेद मगदूम यांनी अक्षय्य तृतीयेला जुनी गाडी घेतली. गाडी पांढरी होती, इंजिन ठणठणीत होतं, आणि आधीच्या मालकाने ती फक्त दवाखान्यात जायला वापरली होती, असं एजंटाने आईची शपथ घेऊन सांगितलं होतं. दोष एकच. गाडी पुण्याची होती आणि पाटीवर कोल्हापूरच्या नऊऐवजी एमएच-बारा असं लिहिलं होतं.

पहिल्याच दिवशी साखर कारखान्याच्या वळणावर चुलतभाऊ बाळासो मोटारसायकल आडवी लावून उभा राहिला.

"पावणं, कुणाकडं जायाचं?"

सम्मेदने काच खाली केली. "आरं, मी हाय की!"

"व्हय की! पण बारा आकडा बघितला आन् म्हटलं, आलं कोणतरी शाणं." ओळख पटली तरी बाळासोने हात लांब करून घराचा रस्ता सांगितलाच. "सरळ जावा. देवळापासनं डावीकडं."

हे चेष्टेवारी गेलंही असतं. पण तीन आठवड्यांवर दूध संस्थेची निवडणूक होती. सम्मेदचे वडील, आण्णा, तिथे एकोणीस वर्षं चेअरमन होते. खुर्चीच्या गादीला त्यांचाच आकार आला होता. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यावर आण्णांची एकच इच्छा उरली होती, पोराला त्या खुर्चीत बसलेलं बघायची. आणि समोर उभे होते विजयसिंह. त्यांनी जाहीरनामा छापलाच नाही. संस्थेच्या दारात उभं राहून ते एवढंच विचारायचे, "ज्याची गाडी बारा नंबरची, त्याची म्हस कितव्या नंबरची हो?"

लोक हसायचे. सम्मेदच्या बायकोने, त्रिशलाने, त्याला सांगितलं, "ही हसणारी समदी मतं हैत. जाऊन त्यो आकडा बदलून या."

नेमक्या याच सुमारास 'जिव्हाळा संकेतांक योजना' लागू झाली. तिच्या अभ्यासासाठी नऊ जणांचं पथक फ्रान्सला जाऊन आलं होतं. तिथे पाटीच्या उजव्या टोकाला एक निळी पट्टी असते, तीवर जिल्ह्यासारख्या एका विभागाचा आकडा आणि प्रांताचं चिन्ह असतं, आणि तो विभाग मालकाने आपल्या मर्जीने निवडायचा असतो, हे पथकाने रस्त्याकडेला उभं राहून स्वतः पाहिलं. पॅरिसात राहणारा माणूस खुशाल कोर्सिका बेटाचा आकडा लावून फिरतो. पथकप्रमुखांनी तिथल्या कारकुनाला विचारलं, "यासाठी पुरावा काय घेता?" कारकून म्हणाला, "कशाचा?" पथकाने अहवालात नोंद केली की, सदर पद्धत चांगली असली तरी अर्धवट आहे.

आपल्याकडे ती पूर्ण करण्यात आली.

आरटीओतल्या चार नंबरच्या खिडकीत संयोगिता मॅडम बसल्या होत्या. सम्मेदने रेशनकार्ड, सातबारा, शाळेचा दाखला आणि आण्णांचा संस्थेतला फोटो पुढे सरकवला.

"यावरून तुम्ही इथं राहता, एवढंच दिसतंय," मॅडम म्हणाल्या. "जिव्हाळा कुठाय?"

"मॅडम, सात पिढ्या झाल्या की इथं! माझा जन्मच बावड्यातला!"

"जन्मताना तुम्हाला पर्याय दिला होता का?"

"न्हाय."

"मग तो जिव्हाळ्यात धरता येत नाही. रंकाळ्याकाठचा फोटो जोडा. पायात कोल्हापुरी चप्पल हवी, आणि ती दिसली पाहिजे."

"रंकाळ्यावर शंभरदा गेलतो. फोटो कोण काढतंय आपल्याच तळ्यावर?"

"फोटो निरंक," मॅडमनी लिहिलं. "आता प्रात्यक्षिक. आत तांबडा रस्सा ठेवलाय. एक वाटी, चेहरा न बदलता."

"मॅडम, आम्ही जैन. आमच्यात मटण चालत न्हाय."

मॅडमना खरोखर वाईट वाटलं. "तुमच्या धर्माबद्दल कार्यालयाला नितांत आदर आहे. फक्त पन्नास गुण जातील."

मागे पुण्याहून आलेला धैर्यशील नावाचा तरुण उभा होता. दोन वर्षांपूर्वी तो दीड दिवस कोल्हापुरात राहून गेला होता. त्याच्याकडे रंकाळ्याचे चौदा फोटो होते आणि चपलेचा एक स्वतंत्र. रस्सा त्याने दोन वाट्या घेतला, डोळ्यांतून पाणी आलं ते भरून आल्यामुळे आलं असं लिहून दिलं, आणि शंभरपैकी ब्याण्णव गुण मिळवले. 'अनोळखी माणसाला काय म्हणावे?' या दहा गुणांच्या प्रश्नाला त्याने 'पावणं' असं अचूक उत्तर दिलं होतं.

सम्मेदला बावीस गुण पडले. तरीही त्याने विचारलं, "नऊ मिळंल का?"

"नऊ संपला. पुण्यानं सगळा नेला. तिकडं नऊ लावला की सिग्नलला लोक जरा दबून असतात म्हणे." मॅडमनी यादीवरून बोट फिरवलं. "शिल्लक फक्त बारा आहे. तो कुणीच मागितला नाही."

"मला नगं बारा! त्योच काढायला आलोय!"

"अर्ज दाखल झालाय. आता जिव्हाळा नाही म्हणता येणार नाही."

अशा रीतीने सम्मेदच्या गाडीला डावीकडे बारा होताच, तो उजवीकडेही आला. डावा नोंदणीचा, उजवा प्रेमाचा. सोबत शिक्का मारलेलं प्रमाणपत्र मिळालं: 'अर्जदाराचा पुण्याविषयीचा जिव्हाळा तपासून खात्री केली.' विजयसिंहांनी त्याचा फोटो काढून मोठा फलक केला.

पण फलकाचा रंग वाळायच्या आत परिपत्रक आलं. स्थानिक कोण, याची राज्यभर एकच व्याख्या असावी, म्हणून यापुढे ज्याच्या पट्टीवर जिथला आकडा, तो तिथला स्थानिक. सहकारी संस्थांच्या मतदारयाद्या त्यानुसार दुरुस्त झाल्या. सम्मेद यादीतून गेला. बावड्यातल्या बाकीच्यांनी तर अर्जच केला नव्हता. आपण इथलेच, आपल्याला कोण विचारतंय, या भरवशावर ते बसले होते. त्यांच्या पट्ट्या कोऱ्या होत्या. विजयसिंहांच्या नावापुढे 'जिव्हाळा: निरंक' असा शेरा पडला.

"आवो, माझ्या गोठ्यात बारा म्हशी हैत!" विजयसिंह खिडकीशी ओरडले.

"म्हशी स्थानिकच आहेत," मॅडम म्हणाल्या. "दूध घेतलं जाईल. मत घेतलं जाणार नाही."

यादीत उरले ते नऊ लावलेले पुणेकर, म्हणून मतदान पुण्यातून मोबाईलवर झालं. एकवीसशे मतांनी धैर्यशील चेअरमन झाला. दूध पिशवीतून येतं, याबद्दल त्याच्या मनात आजवर कधी शंका आली नव्हती.

पदभार घ्यायला तो आला तेव्हा साखर कारखान्याच्या वळणावर सम्मेद वैरणीचा भारा घेऊन उभा होता. नऊ आकड्याची चकचकीत गाडी थांबली. काच खाली झाली.

"पावणं," धैर्यशीलने प्रेमाने विचारलं, "दूध संस्था कुठं आली?"

सम्मेदने भारा दुसऱ्या खांद्यावर घेतला. मग हात लांब करून म्हणाला, "सरळ जावा. देवळापासनं डावीकडं."

भारा तिथेच टाकून तो पळतच संस्थेवर गेला. आण्णा काठी टेकून दारात उभे होते. मोतीबिंदूमुळे त्यांना माणूस नीट दिसत नसे. आकडे मात्र दिसत.

"आण्णा, ह्यो बाहेरचा हाय! ह्याला साधी वाट म्हाईत न्हाय!"

आण्णा वाकले. दारात येऊन थांबलेल्या धैर्यशीलच्या गाडीच्या निळ्या पट्टीवर बोट ठेवून त्यांनी आकडा वाचला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"नऊ हाय न्हवं? मग आपलाच माणूस. खुर्ची पुसून द्या त्यास्नी." मग सम्मेदकडे वळून म्हणाले, "आन् तुमी वाईच बाजूला व्हा, पावणं."

बाप असा कसा, असं तुमच्या मनात आलं असेल. बरोबर आहे. फक्त एवढं आठवून बघा: परवा घाटात पुढची गाडी मध्येच थांबली, तेव्हा शिवी देण्याआधी तुम्ही काय वाचलं होतं?