मोटारसायकलचा करंट कोण पितो?

“माझ्या नजरेतून सुईचं नेढंसुद्धा सुटत नाही,” मामा म्हणाले. भाचीने मुकाट्याने त्यांच्या कपाळावरचा चष्मा नाकावर आणून ठेवला. एकतीस वर्षं ग्रंथालयात हरवलेली पुस्तकं शोधून मामा निवृत्त झाले होते आणि आता गुप्तहेर झाले होते. किती पुस्तकं सापडली, हे घरात कुणी विचारत नसे.

भाची घरोघरी जाऊन रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायची. तिची नवी विजेवरची मोटारसायकल तीन दिवस अर्धवटच चार्ज होत होती. काल तर चढावर बंद पडली आणि ढकलून ढकलून भाचीलाच व्यायाम घडला. आज चार वाजता तिचे एक वृद्ध रुग्ण पहिल्यांदाच काठीशिवाय चालणार होते.

“करंटचोरी!” मामांनी व्हरांड्यात रांगत जाहीर केलं. “शेजारचे दंतवैद्य. दात कोरायचं यंत्र फुकटात चालवतात.”

“मामा, त्यांचा दवाखाना आठवडाभर बंद आहे.”

“म्हणजे पळालेच! नाहीतर मग मांजर. अंगावरचे केस बघ कसे उभे आहेत.”

“तुम्ही शेपटीवर गुडघा ठेवलाय.”

मांजर निर्दोष सुटलं, मामांचा हात मात्र ओरबाडला गेला. तेवढ्यात शिवणकाम सोडून मामी अनवाणीच बाहेर आल्या, पायपुसण्यावर उभ्या राहिल्या आणि टुणकन उडाल्या.

“अगं बाई! पाय भाजला! आधी भिंतीवरचं बटण बंद कर!”

भाचीने धावत जाऊन बटण बंद केलं आणि पायपुसणं बाजूला सारलं. खाली गाडीचा चार्जर लावलेलं एक्स्टेंशनचं रीळ होतं, सगळी वायर गच्च गुंडाळलेली. प्लग तपकिरी पडला होता. जळक्या रबराचा भपका आला.

“ही तुमच्या टेबलावरच्या दिव्याची वायर ना?” मामींनी विचारलं.

“चोराला दिसू नये म्हणून झाकली,” मामा पुटपुटले. “यावरचं लाल बटण रोज आपोआप उडायचं. मी रोज दाबायचो.”

“अहो, ते तापलं म्हणून उडत होतं, आणि गाडीचं चार्जिंग तिथेच तुटत होतं! इस्त्रीची वायर मी कधी गुंडाळून, झाकून चालवते का? घर पेटलं असतं!”

मामांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि तपकिरी प्लग पहिल्यांदाच जवळून पाहिला.

वायरमनला निरोप गेला: व्हरांड्यात जाड पिनांचा स्वतंत्र पॉइंट हवा, अर्थिंगसकट. तोवर गाडी शिवणखोलीच्या दाराशी आणून थेट इस्त्रीच्या पॉइंटला लावली. मध्ये एक्स्टेंशन नाही. मामी इस्त्रीविना बसल्या आणि भाची बसने गेली.

रुग्ण आजोबा काठीशिवाय सात पावलं चालले. आठव्याला भाचीच्या गळ्यातच पडले.

ती परतली तेव्हा गाडी पूर्ण चार्ज झाली होती आणि मामा वहीत लिहीत होते, “गुन्हेगार घरातलाच निघाला.”

“नाव लिहा की,” आतून मामी म्हणाल्या.

“तपास चालू आहे,” मामा म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.