उत्तम ना? वाटलंच मला!

आपल्या हाताखालून गेलेला पेशंट जन्मभर आपलं नाव काढतो, याबद्दल दातांच्या दवाखान्यातल्या धाकट्या डॉक्टरांना तिळमात्र शंका नव्हती. त्यामुळे दवाखान्याच्या मालकीणबाई, म्हणजे थोरल्या डॉक्टर, जेव्हा म्हणाल्या, "मी आता थांबतेय. दवाखाना तुझ्या हाती द्यायचा की नाही, ते तुझे पेशंट आणि इथली माणसं काय म्हणतात त्यावर ठरवेन," तेव्हा ते गालातल्या गालात हसले. मनातल्या मनात त्यांनी दारावरची पाटीसुद्धा बदलून टाकली!

मतं गोळा करायला लगेच सुरुवात झाली. हातात घुंइंइं करणारं ड्रिल, समोर आ वासलेला पेशंट.

"काय काका, आमचं काम कसं वाटतं?"

"आँ... आँ!"

"उत्तम ना? वाटलंच मला!"

संध्याकाळपर्यंत झाडून सगळ्यांचं मत उत्तम. राहिल्या सिस्टर. त्यांच्या तोंडात काही नव्हतं, त्यामुळे त्या बोलल्या.

"सर, खरं सांगू? तुम्ही आधी तोंडात कापूस कोंबता, मग प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता. माणसं दुखतंय म्हणून ओरडतात हो!"

हे डॉक्टरांना फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंडाला कुलूपच घातलं. किरकोळ किडलेली दाढ घेऊन एक मावशी आल्या. डॉक्टरांनी दाढ पाहिली. बोलले नाहीत. पुन्हा पाहिली आणि एक उसासा सोडला.

"डॉक्टर, एरवी केवढे बडबडता! आज गप्प का? माझं काही... वाईट आहे का?"

डॉक्टरांनी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मावशी गळ्यातल्या टॉवेलसकट बाहेर धावल्या. "अहो, चला घरी! पोरांना बोलावून घ्या!" बघता बघता बाहेरची बाकं ओस पडली.

थोरल्या बाई तणतणत आल्या. "पुरे झाला तमाशा! मीच बसते. उजवी दाढ ठणकतेय माझी. आणि बोल बाबा, हवं तेवढं बोल!"

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. कापूस कोंबला, ड्रिल सुरू केलं आणि साठलेलं सगळं बाहेर आलं.

"मग बाई, दवाखाना माझाच ना?"

"आँ! आँ!" बाईंनी हातपाय झाडले.

"एवढा आनंद? वाटलंच मला!"

बाईंनी त्यांचं मनगट धरलं, कापूस थुंकला आणि आपलं मत दिलं.

"गाढवा, उजवी म्हटलं होतं! ही डावी!"

दारावरची पाटी अजून जुनीच आहे.