काचेमागचे वामनराव

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी वामनरावांचा विषय काढला की मी चहा मागवायचो आणि बोलणं दुसरीकडे न्यायचो. पण मागच्या आठवड्यात जे झालं, त्यानंतर टाळून उपयोग नाही.

झाशीत ओरछा गेटजवळच्या एका तपासणी केंद्राचा मी व्यवस्थापक होतो आणि वामनराव तिथे एक्स-रे काढायचे. त्यांची खोड अशी की, पेशंटला "सांस रोको" म्हटलं की काचेमागे ते स्वतःही श्वास धरायचे. प्रत्येक पेशंटबरोबर, दिवसभर. संध्याकाळपर्यंत चेहरा वांग्यासारखा व्हायचा.

"वामनराव, एक्स-रे त्याचा आहे, तुमचा नाही," मी म्हणायचो.

"माझा जीव घुसमटल्याशिवाय त्याचा कधी घुसमटला ते कसं कळणार, नाना? छातीला गार पाटी लावून एकटा उभा असतो बिचारा."

म्हणून श्वास सोडायला सांगताना ते हमखास म्हणायचे, "सोडा हं. मी इथेच आहे, काचेमागे."

ही सवय घरीदारीही सुटत नसे. माझ्या पुतण्याच्या लग्नात फोटोग्राफर सगळ्यांना हसायला सांगत होता. मागच्या रांगेतून वामनरावांचा आवाज आला, "सांस रोको, हिलना नहीं." अख्ख्या वऱ्हाडाने श्वास धरला. त्या फोटोत नवरानवरीसकट सगळे काहीतरी भलतंच पाहिल्यासारखे दिसतात.

मग सीटी स्कॅनचं यंत्र आलं. पेशंटने पडायचं, पलंग आपोआप यंत्राच्या गोल कड्यात सरकतो आणि सूचना यंत्रच देतं. इंजिनियर म्हणाला, आवाज ओळखीच्या बोलीतला असला तर पेशंट घाबरत नाहीत. आवाज भरून द्यायला वामनराव इस्त्रीचा शर्ट घालून आले. हिंदीत बोलले, बुंदेलीत बोलले आणि मग मराठीसाठी अडून बसले.

"झाशीत असे किती मराठी पेशंट येणार?" मी विचारलं.

"आजारात माणूस घरच्या बोलीवर येतो, नाना. आई शेवटी हिंदी विसरली होती. डॉक्टर विचारत होते, ती नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत होती."

मराठीही झालं. तेव्हाही "श्वास धरा" म्हणून त्यांनी तो खरोखर धरला. इंजिनियर हसायला लागला.

"आता मी काय करायचं?" त्यांनी जाताना विचारलं.

"यंत्र तुमच्याच हाताखाली राहील," मी म्हणालो. मालकांनी त्यांना काढायचं ठरवलं होतं, आणि ते मला ठाऊक होतं.

काढल्यावरही ते येत राहिले. बाहेरच्या बाकावर बसायचे. आत त्यांचा आवाज "सांस रोको" म्हणायचा आणि बाहेर ते गाल फुगवून बसायचे. एकदा समथरहून आलेल्या एका बाईने, त्यांच्याशी दोन शब्द बोलून झाल्यावर, ते पाहिलं. ओठ मिटलेले, आणि आवाज बंद दारामागून.

"ए राम, जे भीतर बोल रए कि बाहर बैठे हैं?" म्हणत तिने मुलाला उचललं आणि ती तपासणी न करताच निघून गेली.

मी वामनरावांना सांगितलं, "उद्यापासून येऊ नका. पेशंट घाबरतात."

त्यांनी दाराकडे पाहिलं. "खरं आहे. दोघांची काय गरज?" म्हणाले आणि उठले.

माफी मागायला त्यांच्या घरी जायचं मी दर रविवारी ठरवायचो. थंडीत ते गेले.

मागच्या आठवड्यात माझ्या खोकल्यासाठी डॉक्टरांनी छातीचा सीटी लिहून दिला. तीच खोली, तेच यंत्र. मशीन चालवणारी मुलगी म्हणाली, "बाबूजी, आप तो मराठी हैं ना? मराठीवाली लगा दूँ? आज तक किसी ने लगवाई नहीं."

मला नाही म्हणता आलं नाही. पलंग सरकला.

"श्वास धरा."

मी तोंड उघडलंच होतं. "वामनराव," एवढंच म्हणून झालं होतं.

"हलू नका. बोलू नका."

मी तोंड मिटलं. कडं फिरत होतं. माझ्या उशाशी आणखी कुणीतरी श्वास धरून उभं आहे, असं वाटत राहिलं. माझा जीव घुसमटायला लागला, आणि नेमक्या त्याच क्षणी कानाजवळ एक लांब उसासा सुटला.

"सोडा हं. मी इथेच आहे, काचेमागे."

मी मान वळवली. काचेमागे ती मुलगी मोबाईल बघत होती. पलंग बाहेर आला.

"हो गया, बाबूजी," ती आत येऊन म्हणाली. "आप कुछ कह रहे थे?"

"नहीं," मी म्हणालो.