वऱ्हाडात दर्या शिरला त्याची हकीकत

श्री अक्षरब्रह्म प्रसन्न. ऐकणाराचे कान शाबूत असोत आणि लिहिणाराचा हात खऱ्यावरून ढळो नये. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख शुद्ध तृतीया, ते दिवशी वऱ्हाड प्रांतीच्या एका कसब्यातून दोन मुली उत्तरेकडील महानगरी उमेदवारीस दाखल जाहल्या, त्यांचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहितो.

एकीचे नाव केतकी डहाके, दुसरीचे रेणुका बोबडे. दोघी कसब्यातील चित्रकला महाविद्यालयी तिसऱ्या वर्षास होत्या, आणि तिन्ही वर्षे पहिला क्रमांक केतकीचा व दुसरा रेणुकाचा ऐसा शिरस्ता होता, आणि त्यास कधी बाध आला नव्हता, म्हणोन केतकी रेणुकावर फार माया करीत असे. त्या महानगरी एक राज्य होते. राज्याचे नाव लिहिण्याची परवानगी नाही. तेथे तोफा नव्हत्या, घोडे नव्हते. तिसऱ्या मजल्यावर अठरा टेबले आणि अठरा संगणक होते, आणि धंदा एकच, की पुस्तकांची व फलकांची अक्षरे घडवावी, ज्यास फाँट म्हणतात. गादीवर मालविका सरीन या होत्या. सगळे त्यांस मॅडम म्हणत, आपण राणीसाहेब म्हणू. त्यांची बोली हिंदी, येथे मराठी करोन लिहिली आहे. उन्हाळ्याचे दोन महिने विद्यार्थ्यांनी येऊन काम शिकावे, यास ते लोक इंटर्नशिप म्हणत.

मग दोघींची स्वारी पहिले दिवशी दरबारात गेली आणि रेणुकाने पिशवीतून जवसाच्या चटणीचा डबा काढिला आणि दुपारच्या जेवणास अठराही जणांच्या ताटात चमचा चमचा वाढिली. केतकीने विचारिले, "काय व, अक्षरं शिकाले आली का खानावळ टाकाले?" रेणुका म्हणाली, "अवं, आईनं एवढी बांधून देल्ली, एकटी काय करू तिचं?" यात डाव काही नव्हता. परंतु चौथे दिवशी सगळा दरबार तीस रेणू म्हणो लागला, आणि केतकीचे नाव कोणाचे जिभेवर बसेना, तेव्हा "ती दुसरी" ऐसे म्हणत. तीन वर्षे जी पहिली, ती चार दिवसांत दुसरी जाहली, आणि ते एका चटणीच्या डब्याने, ही गोष्ट केतकीचे जिव्हारी लागली.

पुढे वैशाख वद्यात राणीसाहेबांनी दोघींस पाचारण केले आणि फर्माविले, "तुमच्याच मुलखातली एक सहल कंपनी आहे. तिला वाटेवर लावायच्या फलकांसाठी मराठी अक्षरांचा नवा संच हवा आहे. तुम्ही दोघी तिथल्याच. एकेक संच काढा. जिचा संच निवडला जाईल तिला परीक्षा झाल्यावर मी इथे एक वर्ष ठेवून घेईन. जागा एकच आहे." हे ऐकोन केतकीने त्याच संध्याकाळी घरी फोन केला आणि आईस सांगितले की जागा मिळाल्यासारखीच आहे, आणि आईने ते गल्लीत सांगितले.

मग कामास आरंभ जाहला. कागदावर शिसपेन्सिलीने अक्षर काढावे आणि राणीसाहेबांस दाखवावे आणि त्यांनी खिडकीच्या उजेडात धरोन पाहावे, ऐशी त्या राज्याची रीत. ज्येष्ठ शुद्धात एके दिवशी रेणुकाने ळ काढिला. राणीसाहेबांनी तो कागद उजेडात धरिला आणि बराच वेळ खाली केला नाही. मग म्हणाल्या, "आमच्या भाषेत हे अक्षरच नाही. आज पहिल्यांदा त्याची उणीव भासली." आणि दरबारातील लोक उठोन उठोन पाहो लागले. मग केतकीचा ळ पाहिला आणि म्हणाल्या, "मापात आहे. पण चष्मा काढून ठेवल्यासारखा दिसतो." लोक हसले. रेणुका हसली नाही, हे केतकीने टिपले आणि त्याचाच राग जास्त आला. त्या दिवसापासोन केतकी तारखेनिशी हिशेब ठेवो लागली, की राणीसाहेब कोणास काय बोलल्या. अकरा दिवसांत रेणुकास नऊ वेळा चांगले म्हणाल्या, केतकीस दोनदा, आणि त्या दोहोंतील एकदा चहास. रेणुका टेबलाशी बसोन काढो लागली की केतकी पाण्याचे निमित्त करोन मागून जाई आणि तिचा कागद पाही, आणि अक्षर वाईट निघाले असेल ऐशा आशेने पाही, आणि ते वाईट निघत नसे. पुढे पुढे ते पाहणेही सोसवेना, म्हणोन पाण्यास दुसऱ्या वाटेने जाऊ लागली.

संच पुरे जाहले. दोहोंत रेणुकाचा सरस ठरला, परंतु शेवटचा शब्द कंपनीचा होता. राज्यात बलजीत म्हणोन कारभारी होते, ते कागदावरील अक्षरे संगणकात जोडीत. त्यांस मराठीचा गंध नव्हता. त्यांनी रेणुकाचा संच जोडिला आणि फलकाचा नमुना छापिला, आणि राणीसाहेबांनी नमुना व रेणुकाचे मूळ कागद एका लिफाफ्यात घालोन केतकीचे हाती दिले आणि म्हणाल्या, "तू बारकाईची आहेस. तपास, आणि चूक नसेल तर सही कर. तू सही केलीस की पाठवते."

केतकीने नमुना काढिला. मूळ कागद काढिले नाहीत, कारण ती अक्षरे पुन्हा एकदा पाहण्याची तिची छाती होईना. नमुन्यावर दोन ओळी होत्या. वाचिल्या आणि तिसरे शब्दास येईपावेतो अंग गरम जाहले. आपल्या मराठीत अर्धा र दोन तऱ्हांचा. एक डोक्यावर बसतो, तो रफार. दुसरा आडव्या कोयरीसारखा पुढच्या अक्षरास डावीकडून बिलगतो, आणि तो हिंदीत नाही. तो नसेल तर वऱ्हाड लिहिता येत नाही, आणि डोंगरांच्या दऱ्या लिहिता येत नाहीत. तेथे रफार दिला तर दऱ्यांचा दर्या होतो, म्हणजे समुद्र. नमुन्यावर छापिले होते : "वर्हाडात स्वागत. डोंगरदर्यांची सावळी वाट."

केतकीस पहिल्याने हसू आले. मग तिने वळोन पाहिले. रेणुका खिडकीशी राणीसाहेबांजवळ उभी होती, आणि राणीसाहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेविला होता. दोन महिन्यांत तो हात केतकीचे खांद्यावर एकदाही आला नव्हता. तेव्हा तिने मनात ऐसी मसलत केली, की चूक माझी नाही, जिची तिने निस्तरावी. आणि हे फलक आपल्याच मुलखी जातील आणि आपलीच माणसे वाचतील, मग कळेल ळ मोठा की र मोठा. ऐसे म्हणोन लेखणी घेतली आणि खाली लिहिले, "तपासले, बरोबर आहे," आणि सही केली. सहीस वळण सुरेख आले होते.

नमुना रवाना जाहला. तिसरे दिवशी त्या सहल कंपनीचे गुल्हाने म्हणोन वडीलधारे कारभारी वऱ्हाडातून संगणकाच्या पडद्यावर प्रकट जाहले, आणि भर दरबारात बोलिले, "म्याडम, अक्षर लय सुंदर आहे. पण आमच्या इकडे दर्या कधी आला बाप्पा? विहिरीले पाणी नाही अन् तुम्ही डोंगरात दर्या आणून राह्यले! अन् ते वर्हाड वाचताना तं माह्या दाढा एकमेकीत अडकल्या." राणीसाहेबांस शब्द कळले नाहीत, आवाज कळला. त्यांनी अर्थ विचारिला. रेणुकाने मान खाली घालोन सांगितला, आणि राणीसाहेबांचा चेहरा लाल जाहला.

मग दोघींस आत बोलाविले. राणीसाहेब म्हणाल्या, "रेणू, हे अक्षर तू काढलेच नाहीस?" रेणुका म्हणाली, "मॅडम, मूळ कागद पाहा." लिफाफा उघडिला. शेवटचे कागदावर एक चौकोन मोकळा होता आणि खाली बारीक अक्षरांत लिहिले होते : "हा र केतकीच्या संचातून घ्यावा, आणि संचावर तिचेही नाव घालावे. हा तिच्यासारखा कोणास येत नाही." मराठीत लिहिले होते, म्हणोन बलजीतांस त्याचा अर्थ लागला नाही, त्यांनी मोकळा चौकोन सोडोन दिला आणि संगणकाने आपल्या मनाने रफार बसविला. रेणुका केतकीकडे वळोन म्हणाली, "माह्या हातून तो पाय मोडल्या झुरळासारखा येते व. तू कॉलेजच्या फलकावर काढला होता, आठवते? मले वाटलं तू कागद पाहशीनच."

राणीसाहेबांनी तीस विचारिले, "तू तपासलेस. तुला ही चूक दिसली नाही?" येथे सुटकेची वाट होती. नाही दिसली म्हटले असते तर वेंधळी ठरली असती, इतकेच. आणि ती तोंड उघडते तोच रेणुका मध्ये पडली आणि म्हणाली, "नसेल दिसली, मॅडम. आठवडाभर तिचे डोळे दुखत होते." ही गोष्ट खोटी होती. केतकीचे डोळे दुखत नव्हते. तेव्हा केतकीचे पोटात ऐसा जाळ उठला की तैसा ळ पाहोनही उठला नव्हता. ळ हिचा, जागा हिची, राणीसाहेबांचा हात हिचा, आणि आता चांगुलपणाही हिचाच. आणि आपण तो पदर पसरोन घ्यावा, हे काही तिच्याने होईना. तिने मान वर केली आणि स्पष्ट म्हणाली, "दिसली होती. दिसली आणि मी सही केली."

तिने खरे सांगितले हे लिहिणे भाग आहे, आणि ते मत्सरापोटी सांगितले हेही लिहिणे भाग आहे.

राणीसाहेबांनी रागे भरणे केले नाही. म्हणाल्या, "परीक्षा झाल्यावर रेणू इथे राहील. जिला चूक दिसते आणि जी बोलत नाही, तिच्याकडे मी तपासायला काय देणार?" मग एक कोरा कागद पुढे सरकाविला आणि म्हणाल्या, "पण हा र काढ आणि मग जा. नाव लागेल, कारण काम तुझे असेल." केतकी टेबलाशी बसली. दुपारी दोनपासोन पाचपावेतो तिने एकच अक्षर काढिले, एकतीस वेळा, आणि बत्तिसावे दिले. राणीसाहेबांनी ते खिडकीच्या उजेडात धरिले आणि बराच वेळ खाली केले नाही. काही बोलल्या नाहीत. केतकीने त्या दिवसाचे खाती काय लिहावे हे तीस कळेना, तेव्हा वही मिटोन ठेविली.

आषाढात दोघी परत आल्या. गाडीत रेणुकाने उरली चटणी भाकरीस लावोन पुढे केली आणि म्हणाली, "खाय, माय. रागावली असशीन तं जेवून रागाव." केतकीने खाल्ली. भाद्रपदात कसब्याच्या बसस्थानकी फलक लागला : "वऱ्हाडात स्वागत. डोंगरदऱ्यांची सावळी वाट." केतकीची आई पाहण्यास गेली, केतकीही गेली. आईने विचारिले, "यातलं तुहं कोणतं?" केतकीने दोन ठिकाणी बोट दाखविले. आई म्हणाली, "अन् बाकीचे?" केतकी म्हणाली, "रेणूचे." आईने डोळ्यावर हात धरोन पुन्हा पाहिले आणि म्हणाली, "तेही चांगले आहेत व." केतकीने मान तिरकी करोन फलक पाहिला. मग म्हणाली, "तो ळ जरासा कलला आहे."

एवंच, त्या संचात चिन्हे दोनशे चौदा. पैकी रेणुका बोबडे यांची दोनशे तेरा, केतकी डहाके यांचे एक. नावे दोघींची लागली, केतकीचे दुसरे. दर्या वऱ्हाडातून हटला. लिहिणाराने जातीने बसस्थानकी जाऊन, शिडी लावोन, ओळंबा सोडोन पाहिले. ळ सरळ आहे. लेखन समाप्त.